वरची वाडी कुठे? कोकणातल्या गावाने स्वतःचा नकाशा कसा करावा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडकडच्या गावांतून विजेचे खांब काडीसारखे आडवे झाले. पुढे खांब उभे करायला घाटावरून तुकड्या आल्या. माणसं कामाला वाघ, पण परमुलखातली. हातात यादी होती, यादीत ‘वरची वाडी’ लिहिलेली होती, आणि ती वाडी फोनमधल्या नकाशात नव्हती. नकाशात आमचं गाव म्हणजे देवळाजवळ टोचलेली एक टाचणी आणि डांबरी रस्त्याची एक रेघ. सात वाड्या, दोन साकव (ओढ्यावरचे छोटे पूल), सड्यावर म्हणजे वरच्या कातळपठारावर जाणारी घाटी, यातलं काहीच नाही. शेवटी गावातली दोन पोरं मोटारसायकलवर पुढे आणि खांबांचा ट्रक मागे, असं नऊ दिवस चाललं.

त्यानंतर दोन हंगाम खपून आम्ही अकरा जणांनी गावाचा नकाशा केला. आमच्यात संगणक शिकलेलं कोणी नव्हतं. चुका भरपूर केल्या. त्या चुकांसकट सगळी रीत इथे सांगतो. तुमचं गाव खाडीकाठचं असो की डोंगरकुशीतलं, थोड्या फेरफाराने ती लागू पडेल.

आधी एकच प्रश्न धरा

‘आपण गावाचा संपूर्ण नकाशा करू’ असं बैठकीत कोणी म्हणालं की चहा मागवावा आणि विषय बदलावा. आमचा पहिला फॉर्म अडतीस प्रश्नांचा होता. घर कौलारू की स्लॅबचं, गुरं किती, आंब्याची कलमं किती, शौचालय, गॅस, सगळं त्यात होतं. चार घरं भरून झाली, पाचव्या घरच्या काकींनी विचारलं, “ह्याचं करणार काय?” आम्हाला उत्तर देता आलं नाही. तो फॉर्म तिथेच संपला.

मग प्रश्न असा ठरला: मे महिन्यात कुठल्या विहिरीला पाणी असतं, आणि तिथवर जायला धड वाट आहे का? कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते. जांभ्याचा कातळ सच्छिद्र आणि उतार तीव्र, त्यामुळे पावसाचं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोणत्या वाडीला नेमकं किती चालावं लागतं, हे मात्र कागदावर कुठेच नसतं.

तुमचा प्रश्न वेगळा असेल. खाडीकाठी खारबांध (खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध) कुठे फुटलाय आणि कोणती उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) गंजून अडकलीय, हा चांगला प्रश्न आहे. डोंगरपायथ्याच्या गावाने उतारावरच्या भेगा आणि पावसात नव्याने फुटणारे गढूळ झरे नोंदवावेत. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये आणि १९ जुलै २०२३ ला खालापूरची इर्शाळवाडी गेली, तेव्हापासून या प्रश्नाला कुणी फालतू म्हणत नाही. एवढंच पाळा, की भेग दिसली तर भेगेची नोंद करा, पण स्वतःच्या अंदाजाने कुणाच्या घरावर लाल रंग मारून ‘धोकादायक’ लिहू नका. ते काम भूवैज्ञानिकांचं. तुमची नोंद त्यांना बोलावण्यासाठी उपयोगी पडते.

मच्छीमारांच्या गावाला तर नकाशाची गरज सगळ्यात जास्त. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत असं म्हटलं होतं की गावपातळीवरच्या नकाशात मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामायिक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने आणि मासे सुकवण्याच्या जागा दाखवायच्या. आता पुळणीवर होड्या ओढायची जागा आणि बोंबील वाळवायच्या वलांड्या नेमक्या कुठून कुठवर, हे तिथल्या माणसाखेरीज कोण सांगणार? अशा नकाशांवर हरकती मागवल्या जातात तेव्हा हातात आपला नकाशा असला की ‘आमची जागा सुटली’ एवढं बोलून थांबावं लागत नाही, कुठली सुटली हे बोट ठेवून दाखवता येतं.

माणसं जमवताना

सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या कानावर घाला. (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात अजून ग्रामसेवकच.) पण काम त्यांच्यावर टाकू नका. ज्यांच्या पायाखाली गाव रोज असतं ती माणसं हवीत: आशाताई, अंगणवाडीच्या बाई, नळाचं पाणी सोडणारा, वायरमन, पोस्टमन, पोलीसपाटील, आणि मोजणीचे जुने दगड कुठे आहेत हे सांगणारा एखादा म्हातारा.

आमची पहिली बैठक रात्री आठला देवळात झाली. विहिरींवरची बैठक, आणि पाणी भरणारी एकही बाई हजर नाही, कारण आठला भाकऱ्या असतात. दुसरी बैठक दुपारी साडेतीनला विहिरीवरच घेतली. तिथे अर्ध्या तासात जे कळलं ते देवळातल्या दोन तासांत कळलं नव्हतं. कुठली विहीर मार्चमध्ये मचूळ होते, कुठल्या विहिरीवर कुणाला पाणी भरताना टोमणे ऐकावे लागतात, हेसुद्धा.

आणि फेरी सुरू करायची ती सगळ्यात लांबच्या वाडीपासून. देवळापासून सुरू केलेला नकाशा उत्साह संपेपर्यंत देवळाच्या आसपासच राहतो. धनगरवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला ‘नंतर बघू’मध्ये जातात. आम्ही हे मुद्दाम उलटं केलं आणि तो आमचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता.

चाकरमानी मंडळींना विसरू नका. आमच्या गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. गणपतीत आलेल्या चार तरुणांना घरं रेखाटायचं काम शिकवलं, मग त्यांनी रविवारी दिवा-विरारला बसून उपग्रहचित्रावरून छपरं काढली. त्यांनी गोठे, लाकडं ठेवायच्या खोपी आणि पेंढ्याच्या उडव्याही घरं म्हणून काढल्या, तो भाग निराळा. उडवी वरून घरासारखीच दिसते. म्हणून नियम असा: मुंबईकराने रेखाटायचं, गावकऱ्याने तपासायचं.

रांगोळीचा नकाशा

फोन काढण्याआधी जमिनीवर नकाशा काढा. शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप चालतो. खडूने मुख्य रस्ता आणि पऱ्या (ओढा) काढा, पुढचं लोकांना काढू द्या. रांगोळी घ्या, विहिरीला करवंटी, घराला काजूची बी, देवळाला फूल. सरकारी पंचनाम्यात ज्याला नजरी नकाशा म्हणतात तोच हा, फक्त एकट्या तलाठ्याऐवजी पन्नास जणांच्या नजरेचा. केरळात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केरळ शास्त्र साहित्य परिषदेने स्वयंसेवकांच्या हातून पंचायतींचे संसाधन-नकाशे करून घेतले, ते स्मार्टफोन आणि उपग्रहचित्रं हाताशी नसताना.

इथे भांडणं होतील. होऊ द्या. “विहीर व्हाळाच्या ह्या अंगाला हाय, त्या अंगाला नाय” यावर पंधरा मिनिटं गेली तरी हरकत नाही, कारण त्या पंधरा मिनिटांत व्हाळ कधी वळला तेही बाहेर येतं. शेवटी वरून फोटो काढा, आणि तोच नकाशा मोठ्या कागदावर उतरवून घ्या. प्रत्येक विहिरीला क्रमांक द्या. हा क्रमांक पुढे सगळीकडे तोच राहील, ठरावातसुद्धा.

एक गंमत इथेच कळली. आम्ही खडूने उत्तर वर धरून सुरुवात केली, शाळेत शिकवतात तशी. लोक गोंधळले. कोकणात ‘वर’ म्हणजे सडा, म्हणजे पूर्व, आणि ‘खाली’ म्हणजे समुद्र. वरची वाडी नकाशात उजवीकडे आणि खालची वाडी डावीकडे असेल तर कुणाला काय कळणार? समुद्र खाली आणि सडा वर असा नकाशा फिरवला तेव्हा ऐंशी वर्षांच्या आजींनीसुद्धा आपलं घर लगेच दाखवलं. छापील नकाशाही आम्ही तसाच ठेवला. उत्तरेचा बाण डावीकडे दाखवतो. जाणकार नाकं मुरडतात, मुरडोत.

नावांचा प्रश्न

नकाशात नाव काय लिहायचं हे दिसतं तितकं सोपं नसतं. एकाच पऱ्याला वर एक नाव, खाली दुसरं. दोन्ही लिहा, नोंदीत पर्यायी नावाला जागा असते. वाडीच्या नावाचं प्रकरण नाजूक आहे. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पण तुमच्या वाडीचं नवं नाव काय, ते झालं की नाही, हे शेजारच्या वाडीला विचारायचं नाही. तिथल्याच लोकांना विचारा आणि ते सांगतील तेच लिहा. आमच्याकडे एका वाडीने नवं नाव दिलं, दुसरीने जुनंच ठेवलं.

फोन घेऊन फेरी

आता फोन. महागडा लागत नाही. नोंदींसाठी आम्ही कोबोटूलबॉक्स वापरलं. ते विनामूल्य आहे. फॉर्म संगणकावर मराठीत तयार करायचा, फोनवर कोबोकलेक्ट हे ॲप टाकायचं. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते आणि घरी आल्यावर इंटरनेटवर चढते. ओडीके हे तसंच दुसरं साधन. विहिरीसाठी आमचे प्रश्न शेवटी नऊच उरले: क्रमांक, नाव, वाडी, मालकी (सार्वजनिक, खाजगी, किंवा खाजगी पण सर्वांना खुली), प्यायला चालतं का, कुठल्या महिन्यात आटते, कठडा आहे का, पाणी किती खोल, आणि एक फोटो. याहून जास्त विचारू नका.

खोली मोजायला काथ्याची दोरी घ्या, टोकाला दगड, दर मीटरला गाठ. म्हातारी माणसं खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या जुन्या मापात सांगतात, ‘चार परस विहीर’. तेही लिहून घ्या, पण मापायचं दोरीने. दिवाळीनंतर एकदा आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा, अशी दोन मापं हवीत. एकाच मापाने काही कळत नाही. ऑक्टोबरात सगळ्याच विहिरी श्रीमंत.

फोनला जागा कळते ती उपग्रहांवरून, त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र रेंज नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागतात. उघड्या सड्यावर चूक तीन-पाच मीटरची असते. पोफळीच्या आगरात किंवा दाट राईत ती सहज दहा-पंधरा मीटरवर जाते. ॲप अचूकता किती ते दाखवतं. पाच-सहा मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. नाहीच आली, तर जवळच्या मोकळ्या जागी नोंद करून ‘विहीर इथून वीस पावलं पश्चिमेला’ असं लिहा आणि नंतर पडद्यावर सरकवा.

अक्षांश-रेखांश हाताने लिहायची वेळ आली तर दशांशचिन्हानंतर पाच अंक लिहा. पाचव्या अंकातला एक म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. चारच लिहिलेत तर अकरा मीटरचा फरक पडू शकतो, तेवढ्यात विहीर शेजाऱ्याच्या परड्यात जाते. आणि क्रम सांभाळा: आमच्याकडे अक्षांश सतरा-अठराच्या घरात, रेखांश त्र्याहत्तरच्या. एकाने उलटं लिहिलं आणि आमची सात नंबरची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडली. अजून कुणी उशिरा आलं की “नॉर्वेला गेलावतास काय” म्हणतात.

वाटांसाठी चालता चालता माग नोंदवणारं कुठलंही ॲप चालतं. वाटा दिवाळी ते शिमगा या काळात चाला. पावसाळ्यात रान माजतं आणि वाट दिसत नाही, शिवाय साप. साकव मात्र पावसाळ्यातही एकदा बघून या, कुठला पाण्याखाली जातो ते तेव्हाच कळतं.

वाट कुणाची?

यावर थांबून बोलायला हवं, कारण आमचं काम इथेच मोडायला आलं होतं.

कोकणातल्या निम्म्या पायवाटा कुणाच्या तरी आगरातून, मळ्यातून, परड्यातून जातात. पिढ्यान्‌पिढ्या लोक चालतात, कुणी अडवत नाही. नकाशात रेघ मारली की मालक सावध होतो. एका काकांनी सरळ विचारलं, “तुम्ही वाट दाखवलीत म्हणजे ती सरकारी झाली काय?” आणि दुसऱ्या दिवशी गडग्याची बेडी (दगडी कुंपणातली ये-जा करायची जागा) काट्यांनी बंद केली. पाच घरांची पाण्याची वाट गेली, आमच्यामुळे.

तेव्हा हे सगळ्यांना आधीच सांगा, शक्यतो लिहून: हा नकाशा म्हणजे मोजणी नाही. हद्द ठरवायचं काम भूमी अभिलेख खात्याचं. वाटेच्या हक्काचा वाद तहसीलदारांपुढे जातो. जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आणि मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ त्यासाठी आहेत. आपल्या नकाशातली रेघ एवढंच सांगते, की अमुक दिवशी इथून माणसं चालत होती.

त्यानंतर आम्ही प्रत्येक मालकाला रेघ मारायच्या आधी विचारलं. नोंदीत दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्या, वाट आहे का आणि मालकाची मुभा आहे का. ओपनस्ट्रीटमॅप या जगाच्या खुल्या नकाशात (त्याबद्दल पुढे सांगतो) वाट खाजगी, मुभेची की सार्वजनिक हे लिहिता येतं. दोन ठिकाणी मालक नाहीच म्हणाले. त्या दोन रेघा गावच्या कागदावर आहेत, जगाच्या नकाशात नाहीत. त्या काकांची बेडी महिन्याने उघडली. त्यात आमची हुशारी काही नाही, गौरी आल्या आणि माहेरवाशिणींना तिथूनच यायचं होतं.

जगाच्या नकाशात भर

गोळा केलेलं घालायचं कुठे? आम्ही ओपनस्ट्रीटमॅप निवडला. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला, कारण तिथल्या सरकारी नकाशाची माहिती मोकळेपणाने वापरता येत नव्हती. यात कुणीही खातं उघडून भर घालू शकतं, आणि तो डेटा पुन्हा कुणालाही फुकट वापरता येतो. कंपनीच्या नकाशात घातलेली विहीर कंपनीची होते. इथली आपलीही राहते. दुरुस्ती कुणी केली त्याची नोंद राहते आणि कुणी खोडसाळपणा केला तर मागे फिरवता येतो.

आपल्याकडे कायद्याची अडचण नाही ना, असं विचारतात. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय नागरिकाला असा नकाशा करायला पूर्वपरवानगी लागत नाही. संरक्षण आणि सुरक्षेच्या जागांपासून मात्र लांब राहा. आपण किनाऱ्यावर राहतो, कुठल्या जागा ते तुम्हाला सांगायला नको.

संगणकावर ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर ‘संपादन’ दाबलं की आयडी नावाचा संपादक उघडतो. मागे उपग्रहचित्र दिसतं. घर काढायचं तर छपराचे कोपरे टिपायचे, वाट काढायची तर रेघ ओढायची, विहिरीला एक बिंदू, आणि प्रत्येकाचा प्रकार यादीतून निवडायचा. एक दिवसात हात बसतो. काही गोष्टी मात्र सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

उपग्रहचित्र थोडं सरकलेलं असू शकतं, आणि डोंगरउतारावर जास्तच. आधी तुम्ही चाललेला माग चित्रावर घाला. डांबरी रस्ता आणि माग जुळत नसतील तर चित्र सरकवायची सोय संपादकात असते. एका मागावर विसंबू नका, तीन-चार जणांचे बघा. दुसरं, आंब्या-नारळाखालची कौलं वरून दिसतच नाहीत. आमच्या खालच्या वाडीतली निम्मी घरं चित्रात नव्हती, ती चालूनच भरावी लागली. तिसरं, गुगलच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या नकाशात बघून नाव उतरवू नका. तो परवान्याचा भंग होतो आणि सगळी भर पुसली जाऊ शकते. नाव गावकऱ्याच्या तोंडून घ्यायचं, एवढं पाळलं की झालं. मराठी नावासाठी भाषेची वेगळी नोंद असते, ती भराच. नाहीतर इंग्रजीतून परत मराठीत येताना आपल्या वाड्यांची काय रूपं होतात ते रस्त्यावरच्या पाट्यांवर पाहिलंच असेल.

फोनवरूनच किरकोळ भर घालायची तर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप शाळेच्या पोरांना आवडतं. ते चालता चालता सोपे प्रश्न विचारतं, रस्ता डांबरी की मातीचा, वगैरे. ड्रोनच्या नादी लागू नका. आमच्यात एक जण लागला होता. नोंदणी, परवानगी, बॅटरी यातच महिना गेला आणि ड्रोन माडात अडकला.

छापायचा नकाशा

गावासाठी कागदावरचा नकाशाच खरा. त्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. कोबोतून विहिरींची यादी आणि ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्ते-घरं घेऊन यात एकत्र करता येतात. अंतरं मोजण्याआधी प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर ठेवा, सगळं कोकण त्यात बसतं. नाहीतर उत्तर मीटरऐवजी अंशात येतं आणि डोकं फिरतं. नावं युनिकोडमध्येच टाइप करा. ग्रामपंचायतीच्या जुन्या फाइलींतला श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांतला मजकूर इथे चिकटवलात तर नुसती अक्षरांची भेळ होते.

मग आमच्या प्रश्नाचं उत्तर काढलं: प्रत्येक घरापासून मेमध्ये न आटणारी जवळची विहीर किती लांब? सॉफ्टवेअर हवेतून सरळ मोजतं. वरच्या वाडीचं सरळ अंतर आलं तीनशे मीटर. प्रत्यक्षात घाटी उतरून, पऱ्या ओलांडून जायला अर्धा तास लागतो, आणि येताना डोक्यावर हंडा. तेव्हा सरळ अंतराशेजारी चालून मोजलेली मिनिटंही लिहा. दोन बायांसोबत भरल्या हंड्यानिशी एकदा चालून या, आकडा वेगळाच येतो.

एकास चार हजार हे प्रमाण गावाला बरं पडतं: नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर चाळीस मीटर, दोन किलोमीटरचा गाव पन्नास सेंटिमीटरमध्ये बसतो. छपाईला शहरात जायची गरज नाही. तालुक्याला वाढदिवसाचे फ्लेक्स छापणारा जो आहे ना, त्याच्याकडेच द्या. त्याला वाटलं कुणाचा फोटो टाकायचा राहिला, म्हणून दोनदा फोन आला.

पहिली प्रत अंतिम समजू नका. आमची पंधरा दिवस रेशन दुकानाबाहेर टांगली होती, शेजारी दोरीला बांधलेलं पेन. एकवीस दुरुस्त्या आल्या. त्यातली एक अशी, की जिथे आम्ही सार्वजनिक विहीर दाखवली तिथे सहा वर्षांपूर्वी भराव घातलेला होता. तपासायला गेलेल्याने लांबूनच टिक केली होती.

ग्रामसभेत

नकाशा घेऊन ग्रामसभेत जायचं ते आराखड्याच्या वेळी. पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. मेमधलं माप तोवर हातात असलं पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या निधीतला साठ टक्के वाटा पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून ठेवला, त्यामुळे विहिरीच्या कामाला ‘पैसे कुठून आणायचे’ हे उत्तर सहज देता येत नव्हतं. तुमच्या वर्षीचा नियम ग्रामसेवकांकडून आधी समजून घ्या. कामांची यादी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढते, तीही मागाहून बघता येते.

इथे आमचा एक अर्ज परत आला. वरच्या कार्यालयाचा शेरा, ‘जोडलेला नकाशा अधिकृत नाही’. बरोबरच होतं. तेव्हापासून नकाशा पुरवणी म्हणून जोडतो आणि भार ठरावावर देतो. ठरावात लिहायचं ते असं: विहीर क्रमांक ९, वाडीचं नाव, इतक्या घरांची, मेच्या दुसऱ्या आठवड्यात इतकं पाणी, गाळ काढणे व कठडा बांधणे. आकडे ठरावात आले की ते ग्रामसभेचे होतात, आमचे अकरा जणांचे राहत नाहीत. नऊ नंबरचा गाळ निघाला. कठडा अजून व्हायचाय.

काय दाखवायचं नाही

घरातल्या माणसांची नावं, फोन नंबर, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेली माणसं, यातलं काहीही उघड्या नकाशात घालू नका. आपत्तीच्या वेळी ही यादी लागते हे खरं, पण ती आशाताई आणि पोलीसपाटलांकडे कागदावर असावी. देवराईच्या आत काय आहे, खवले मांजर कुठे दिसतं, कासवांची घरटी कुठे सापडली, हेही नाही. कातळशिल्पांचं (सड्यावरच्या कातळात कोरलेल्या प्राचीन चित्रांचं) काय करायचं यावर आमच्यात एकमत झालं नाही. कोकणातली काही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, लोक बघायला येतात, गावाला चार पैसे मिळतात. पण सड्यावर राखण नसलेल्या शिल्पावर गाड्या चढलेल्या मी पाहिल्यात. राखण असलेलीच दाखवावीत या मताचा मी आहे.

नकाशा जिवंत ठेवणं

सगळी माहिती एकाच्याच फोनमध्ये ठेवू नका. आमच्याकडे एकाचा फोन खाडीत पडला, वर न चढवलेल्या चौदा नोंदी बुडाल्या. रोज संध्याकाळी नोंदी चढवा, महिन्यातून एकदा यादी पेन ड्राइव्हवर काढा, आणि एक छापील प्रत शाळेच्या कपाटात ठेवा. खात्यांचे पासवर्ड वहीत लिहून ती वही ग्रामपंचायतीत ठेवा. नोकरीला पुण्याला गेलेल्या पोराला फोन करून पासवर्ड विचारण्यात आमचा एक उन्हाळा गेलाय.

वर्षातून दोन फेऱ्या पुरतात. मेमध्ये दोरी घेऊन विहिरी, आणि शिमग्याला वाटा, कारण पालखी वाडीवाडीत फिरते तेव्हा तिच्यामागून चाललं की कुठली वाट बंद झाली ते आपोआप कळतं. फ्लेक्स उन्हात टांगलात तर दुसऱ्या वर्षी रंग उडतो आणि विहिरी दिसेनाशा होतात. पडवीच्या आतल्या बाजूला लावा, आणि दुसरी प्रत गणपतीच्या आधी छापून घ्या. गणपती उरकले की तो फ्लेक्सवाला निवडणुकीच्या कामात असतो.